विजेचें कडबाकुट्टी यंत्र : मांडणी, चालवणूक व हातांची सुरक्षितता

ज्वारीच्या कडब्याची पेंढी अखंड गव्हाणींत टाकली तर जनावर पानें व शेंडे खातें आणि बुडखे पायाखालीं तुडवितें. तोच कडबा दोन-अडीच सेंटिमीटरांचे तुकडे करून घातला म्हणजे बुडखेही पोटांत जातात, पेंड व मीठ त्यांत सारखें मिसळतां येतें, आणि तितक्याच वैरणींत जनावरें अधिक दिवस निभतात. मका, हत्तीगवत व उसाचें वाढें यांसही हेंच लागू आहे. यामुळें दोन दुभतीं जनावरें दावणीला असलेल्या घरींसुद्धां आतां विजेचें कुट्टीयंत्र आढळतें. कुट्टीचे फायदे वाचकांस ठाऊक आहेत. ते येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. हें यंत्र घरीं आणल्यावर कसें मांडावें व कसें चालवावें, म्हणजे चालविणाऱ्याचे दोन्ही हात शाबूत राहतील, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कुट्टीयंत्रावर झालेल्या अपघाताची हकीकत कोणासही विचारा. ती बहुधा एकाच वाक्यांत सांगितली जाते : ‘वैरण घालतांना हात ओढला गेला.’ या वाक्यांतील ‘ओढला गेला’ हे शब्द लक्षांत घेण्यासारखे आहेत. हात कापतो तो पात्यानें हें खरें. परंतु त्याला पात्यापर्यंत नेतात ते दांतेरी रूळ. पात्याची भीति सर्वांस वाटते, रुळांची कोणास वाटत नाहीं, आणि घात तेथेंच होतो. म्हणून सावधगिरीचा विचार पात्यापासून नव्हे, तर रुळांपासून सुरू केला पाहिजे.

१. हातयंत्र आणि विजेचें यंत्र

हें यंत्र आपल्याकडे नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांव येथें कारखाना चालविला, त्या वेळीं लोखंडी नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें हा त्यांचा अगदीं आरंभींचा माल होता. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. त्या काळापासून यंत्राची मूळ रचना फारशी बदललेली नाहीं. एक जड चाक, त्याच्या आऱ्यांवर बसविलेलीं दोन वांकडीं पातीं, वैरण पुढें नेणारे दोन दांतेरी रूळ, रुळांपुढें लोखंडी मुख आणि मागें वैरण ठेवण्याची पन्हळ. बदल झाला तो इतकाच कीं, चाकाच्या मुठीवर जो माणूस होता त्याच्या जागीं मोटर आली.

हा बदल लहान दिसतो, पण अपघाताच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे. हातानें चाक फिरविणाऱ्या माणसास डोळे व कान असतात. घालणाऱ्यानें ‘थांब’ म्हटलें कीं तो थांबतो. मोटरीस तें कळत नाहीं. शिवाय माणूस सतत कामाला लावला तर त्याची शक्ति सुमारें १/१० अश्वशक्ति भरते. घरगुती कुट्टीयंत्राची मोटर २ अश्वशक्तीची असते, म्हणजे तिच्या मागें वीस माणसांचें बळ आहे. रुळांत सांपडलेला हात ओढून काढण्याची खटपट त्यामुळें व्यर्थ ठरते.

आतां वेगाचा हिशेब पाहूं. चाकाच्या एका फेऱ्यांत दोन पातीं मुखासमोरून जातात. दर काप २ सेंटिमीटरांचा धरला तर एका फेऱ्यास वैरण ४ सेंटिमीटर पुढें सरकते. हातयंत्राचे मिनिटास ४० फेरे झाले तर वैरण मिनिटास १६० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदास पावणेतीन सेंटिमीटरांहून थोडी कमी सरकते. मोटरीवर हेंच चाक मिनिटास सुमारें ३०० फेरे करतें. तेव्हां वैरण सेकंदास २० सेंटिमीटर सरकते. पुरुषाच्या मधल्या बोटाच्या टोंकापासून मनगटापर्यंतचें अंतर १८ ते १९ सेंटिमीटर असतें. म्हणजे बोटाचें टोंक रुळांत गेल्यापासून एका सेकंदाच्या आंत मनगट रुळांवर येतें. बोट दाबलें गेल्याचें कळून दुसरा हात बटणाकडे जावयास जो अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यांत १० सेंटिमीटर, म्हणजे सगळीं बोटें, आंत गेलेलीं असतात. आणि रूळ व पातीं यांमध्यें अंतर असतें तें चार-दोन बोटांचेंच.

या हिशेबावरून एक गोष्ट उघड होते. ‘मी लक्ष देऊन काम करतों, मला कांहीं होणार नाहीं,’ असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. कारण लक्ष कितीही तीव्र असलें तरी तें अर्ध्या सेकंदाच्या आंत कामास येत नाहीं. त्यांतून कुट्टीचें काम पहांटेच्या अंधारांत नाहीं तर दिवसभराच्या श्रमानंतर तिन्हीसांजेला होतें, आणि तें घरांतील स्त्रिया किंवा शाळेंतून आलेलीं मुलें घाईघाईनें उरकतात. यास्तव हात रुळांपर्यंत पोहोंचूंच नये अशी व्यवस्था यंत्र मांडतांनाच करून ठेविली पाहिजे. चालवितांना पाळावयाचे नियम त्यानंतरचे होत.

२. जागा व पाया

यंत्र गोठ्याजवळ, परंतु येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूला असावें. वर छप्पर हवें. पावसांत भिजणाऱ्या मोटरीचा भरंवसा धरूं नये. चोहों बाजूंनीं दीड-दोन मीटर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे कोणास चाकाला किंवा पट्ट्याला अंग घासून जावें लागणार नाहीं. दिवा चालविणाऱ्याच्या डोक्यामागें न लावतां बाजूस लावावा; मागें लावल्यास पन्हळीवर त्याचीच सावली पडते.

यंत्र नुसतें जमिनीवर ठेवून चालविण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं दिसते. जड चाक फिरूं लागलें कीं असें यंत्र हळूहळू सरकतें, पट्टा तिरका होतो, आणि चालविणारा एका हातानें यंत्र धरून दुसऱ्यानें वैरण घालूं लागतो. म्हणून सिमेंट काँक्रीटचा पक्का ओटा करून चारही पाय बोल्टांनीं जखडावे. पाण्याच्या पातळीनें ओटा सपाट आहे कीं नाहीं तें तपासावें. पन्हळीचें तोंड उभ्या माणसाच्या कोंपराच्या उंचीस यावें. पन्हळ फार खालीं असली तर माणूस वांकतो व तोल गेल्यास हात पुढें टाकतो; फार वर असली तर टाचा उंचावून वैरण ढकलावी लागते. चालविणाऱ्याच्या पायाखालची जमीन खडबडीत व कोरडी असावी. ओली कुट्टी व शेण यांनीं निसरडी झालेली फरशी तेथें असूं नये.

चाक ज्या रेषेंत फिरतें त्या रेषेंत कोणीही उभें राहणार नाहीं अशा बेतानें यंत्राचें तोंड ठेवावें. बोल्ट तुटून पातें सुटलें तर तें त्याच रेषेंत जातें.

३. पुली, पट्टा व वेग

नेहमीची मोटर मिनिटास १४४० फेरे करते. मोटरीवर ३ इंची व चाकाच्या बाजूस १४ इंची पुली असेल तर १४४० गुणिले ३ भागिले १४, म्हणजे सुमारें ३०८ फेरे चाकास मिळतात. काम लवकर व्हावें म्हणून कांहीं लोक मोटरीवरील पुली बदलून ५ इंची बसवितात. मग चाकाचे फेरे ५१४ होतात आणि वैरण, व वैरणीबरोबर सांपडलेला हात, सेकंदास ३४ सेंटिमीटर वेगानें ओढला जातो. एवढ्यानें भागत नाहीं. चाकावरील पात्यांस बाहेर फेंकूं पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग ३०८ चा ५१४ झाला कीं तो जोर पावणेतीनपट होतो. ज्या बोल्टांनीं पहिला भार सोसला ते हा सोसतीलच असें नाहीं. यास्तव कारखानदारानें यंत्रासोबत दिलेल्या किंवा यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वेगापेक्षां अधिक वेग केव्हांही देऊं नये. जुनें हातयंत्र घेऊन त्यास मोटर जोडणारांनीं तर हा हिशेब आधीं कागदावर करून मगच पुली विकत घ्यावी.

दोन्ही पुल्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें दोरी ताणून पाहावें. पट्टा मधोमध अंगठ्यानें दाबला असतां एक-दीड सेंटिमीटर दबावा, इतपत ताण असावा. चालत्या पट्ट्यावर राळ टाकणें किंवा काठीनें पट्टा चढविणें हे प्रकार कटाक्षानें वर्ज्य करावे.

४. पन्हळ व झांकणें

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग. मळणीयंत्रासाठीं भारतीय मानकांत पन्हळीचें माप ठरलेलें आहे : लांबी निदान ९० सेंटिमीटर आणि त्यांपैकीं आंतील ४५ सेंटिमीटर वरून झांकलेली. मळणीयंत्रांवर इतके अपघात होऊं लागले कीं १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा करावा लागला. कुट्टीयंत्रासही तेंच माप धरून चालण्यास हरकत नाहीं, आणि त्याचें कारण आपल्या जुन्या मापांतच आहे. कोंपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. पन्हळ रुळांपासून एक हात झांकलेली असली कीं, झांकणाच्या कडेशीं मनगट आलें तरी बोटें रुळांपासून दूर राहतात. झांकण पन्हळीच्या तळापासून इतकेंच उंच असावें कीं वैरणीची एक मूठ आंत जाईल, पण कोंपर जाणार नाहीं.

बाजारांतून येणाऱ्या पुष्कळ यंत्रांची पन्हळ आंखूड व उघडी असते. पत्रा वांकवून ती लांब करणें व वरून झांकण जोडणें हें गांवच्या वेल्डराचें एका दिवसाचें काम आहे. यंत्र विकत घेतांनाच दुकानदाराकडे लांब व झांकलेल्या पन्हळीचा आग्रह धरला तर हेंही करावें लागणार नाहीं. दिल्ली येथील आय. आय. टी. मधील प्राध्यापक दिनेश मोहन (निधन २०२१) व त्यांचे सहकारी यांनीं हरियाणांतील खेड्यांतून शेतीकामांतील अपघातांचा अभ्यास करून कुट्टीयंत्राच्या रचनेंतच सोप्या सुधारणा सुचविल्या होत्या. माणसाला उपदेश करीत बसण्यापेक्षां यंत्र सुधारावें, ही त्यांच्या कामाची दिशा होती, आणि वर दिलेला वेगाचा हिशेब पाहतां तीच योग्य आहे.

पन्हळीशिवाय आणखी चार जागा झांकावयाच्या आहेत. पट्टा व पुल्या यांवर जाळीचें आवरण, दांतेरी चक्रांवर (गिअरवर) पत्र्याचा डबा, चाकाच्या परिघाभोंवतीं जाड पत्र्याचें कवच, आणि कुट्टी बाहेर पडते तेथें खालीं वांकलेलें तोंड. तेल घालतांना किंवा पातें काढतांना आवरण उघडावें लागेल, म्हणून तें बिजागरीवर बसवावें. बोल्टांनीं घट्ट बसविलेलें आवरण एकदां काढलें कीं बहुधा पुन्हां चढत नाहीं आणि गोठ्याच्या कोपऱ्यांत गंजत पडतें.

चाकास खीळ अवश्य असावी. चाकाच्या एका आऱ्यास व सांगाड्यास समोरासमोर भोंकें पाडून त्यांतून जाणारी लोखंडी खीळ सांखळीनें यंत्रालाच बांधून ठेवावी. काम संपलें कीं खीळ घालावी, म्हणजे चाक फिरणार नाहीं. घरचीं लहान मुलें या चाकाशीं खेळतात. एक चाक फिरवितो आणि दुसऱ्याचें बोट दांतेरी चक्रांत असतें. वीज बंद असतांना होणारा हा अपघात दोन पैशांच्या खिळीनें टळतो. मोटर लावण्यापूर्वीं मात्र खीळ काढली आहे हें पाहावें.

५. वीज

मोटर व लोखंडी सांगाडा या दोहोंस अर्थिंग हवें, आणि जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचें आर.सी.सी.बी. बसवावें. गोठ्यांतील जमीन ओली, पाय अनवाणी आणि यंत्र लोखंडी, असा तिहेरी योग येथें असतो. तार खांबावरून किंवा नळींतून न्यावी. कडब्याच्या गंजीवरून किंवा जनावरांच्या पायांतून नेऊं नये.

वीज जाणें व येणें हें खेड्यांत नित्याचें आहे. यंत्र चालू असतांना वीज गेली, चालविणाऱ्यानें बटण तसेंच ठेविलें, आणि ‘आतां वीज नाहींच’ म्हणून तो तुंबलेली वैरण हातानें काढूं लागला. इतक्यांत वीज आली, तर काय होईल हें सांगावयास नको. साध्या बटणानें हा धोका टळत नाहीं. वीज गेली कीं स्वतःच सुटणारा आणि पुन्हां बटण दाबल्याशिवाय न लागणारा, म्हणजे नो-व्होल्ट कॉइल असलेला, स्टार्टर कुट्टीयंत्रास बसवावा. विहिरीवरील पंपास वीज येतांच मोटर आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ पुष्कळ ठिकाणीं लावलेला असतो. तो कुट्टीयंत्रास कधींही लावूं नये, आणि ऑटो लावलेल्या पंपाच्या स्टार्टरवरून कुट्टीयंत्रास जोडही घेऊं नये.

बंद करण्याचें लाल बटण पन्हळीच्या तोंडाशींच असावें, म्हणजे वैरण घालणाऱ्यास पाऊल न उचलतां तें गांठतां आलें पाहिजे. एक हात अडकला असतां दुसऱ्या हातानें किंवा गुडघ्यानें दाबतां येईल इतकें तें मोठें व उघडें असावें. भिंतीवर दहा हात दूर असलेलें बटण ऐन वेळीं असून नसल्यासारखें आहे.

थ्री-फेज मोटर असल्यास आणखी एक गोष्ट. लाइन दुरुस्तीनंतर किंवा ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर दोन फेज उलटसुलट जोडल्या गेल्या तर मोटर उलटी फिरते. म्हणून चाकावर फिरण्याच्या दिशेचा बाण रंगवावा आणि अशा दुरुस्तीनंतर वैरण न घालतां यंत्र क्षणभर सुरू करून दिशा पाहावी. उलटी फिरत असल्यास तारांची अदलाबदल वायरमनकडून करून घ्यावी.

६. पातीं लावणें व धार

बोथट पातें धारदार पात्याहून अधिक धोक्याचें असतें. बोथट पात्यानें वैरण न कापतां चेंगरते, मुख तुंबतें, आणि तें मोकळें करण्यासाठीं हात आंत जातो. बहुतेक तुंबण्यांचें मूळ धार व अंतर या दोहोंतच असतें.

पात्याचें काम सुरू करण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करून पट्टा उतरवावा व चाकास खीळ घालावी. मग जाड कापडानें धरून पातें सोडवावें. पात्याची एक बाजू सपाट व दुसरी उतरती असते. सपाट बाजू मुखाच्या पट्टीकडे येते. धार लावावयाची ती उतरत्या बाजूसच, मूळचा उतार कायम ठेवून. सपाट बाजूवर फक्त उलटलेली कोर पाटीच्या दगडानें काढावी. दोन्ही बाजूंनीं घासलेलें पातें मुखापासून दूर जातें व कधींच नीट कापत नाहीं. सहाणेवर धार लावतांना पातें तापून निळें पडूं देऊं नये. निळें पडलेलें पोलाद मऊ होतें. दोन्ही पातीं एकाच वेळीं काढावीं, एकाच वेळीं धारेस लावावीं आणि बदलावयाचीं झाल्यास जोडीनेंच बदलावीं, म्हणजे चाकाचा तोल बिघडत नाहीं.

पातें परत बसवितांना कारखान्याचेच बोल्ट वापरावे. डब्यांत सांपडलेला कोणताही बोल्ट मापांत बसला तरी तो तितका पक्का असेलच असें नाहीं. पात्याची कड व मुखाची पट्टी यांतील अंतर समायोजनाच्या स्क्रूंनीं जाड कागदाएवढें ठेवावें. दोन्ही पात्यांचें हें अंतर चाक हातानें फिरवून, पात्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत तपासावें. पट्टीवर वैरणीची एक काडी धरण्याऐवजीं कागद लांब चिमट्यानें धरावा व चाक सावकाश फिरवावें. कागद स्वच्छ कापला गेला म्हणजे अंतर बरोबर आहे, चुरगळला तर जास्त आहे, आणि लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज आला तर कमी आहे. मग बोल्ट आवळून चाकाचे आठ-दहा फेरे हातानें करावे आणि बोल्ट पुन्हां एकदां आवळून पाहावे. आठवड्यांतून एक दिवस ठरवून हे बोल्ट तपासण्याचा परिपाठ ठेवावा.

७. चालवितांना

येथपर्यंतची मांडणी झाली असल्यास चालविण्याचे नियम थोडेच आहेत.

पदर खोंचून घ्यावा, ओढणी व उपरणें काढून ठेवावें, बाह्या कोंपरापर्यंत चढवाव्या, केंस बांधावे. हातमोजे घालूं नयेत. मोज्याचें टोंक रुळांत सांपडलें तर तें हातासह आंत जातें. बांगड्या व मनगटांतील दोरे यांपासूनही तोच धोका आहे. उडणाऱ्या कणांपासून डोळे राखण्यास साधा चष्मा पुरतो. दारू घेतलेल्या, तापकरी किंवा झोंप न झालेल्या माणसानें त्या दिवशीं यंत्राजवळ जाऊं नये. मुलांकडून वैरण घालवूं नये, आणि यंत्र चालू असतां त्यांस जवळ उभेंही राहूं देऊं नये. हांकेच्या अंतरावर दुसरें मोठें माणूस असावें व बटण कोठें आहे हें त्यास ठाऊक असावें.

पेंढीचा बंध आधीं सोडावा आणि आंत दगड, तार किंवा खिळा नाहीं हें पेंढी झटकून पाहावें. यंत्र रिकामें सुरू करावें. चाकानें पूर्ण वेग घेतला कीं मग बुडखे पुढें करून एका मुठींत मावेल इतकीच वैरण घालावी. रूळ वैरण आपण होऊन ओढतात. ढकलण्याचें कारण नाहीं. शेवटचे आंखूड तुकडे हातानें लोटूं नयेत. ते पुढच्या मुठीच्या रेट्यानें जाऊं द्यावे. सर्वांत शेवटचे उरतील ते हातभर लांबीच्या लांकडी दांडक्यानें लोटावे किंवा तसेच जनावरापुढें टाकावे. मूठभर बुडख्यांच्या लोभानें पुढें झालेले हात कमी नाहींत.

वैरण पुढें-मागें करण्याचा दांडा ज्या यंत्रास आहे, त्यानें तो रोज काम सुरू करण्यापूर्वीं एकदां ओढून पाहावा. पुढें, मोकळें व उलट या तिन्ही स्थिति सहज लागल्या पाहिजेत. गंजलेला दांडा गरजेच्या वेळीं हलत नाहीं.

काम संपल्यावर रूळ रिकामे होऊं द्यावे, बटण बंद करावें आणि चाक आपोआप थांबेपर्यंत वाट पाहावी. मोटर बंद झाली तरी जड चाक पुष्कळ वेळ फिरत राहतें, आणि त्याबरोबर रूळही फिरतात. लांकूड लावून चाक थांबवूं नये. चाक थांबल्यावर खीळ घालावी.

८. वैरण तुंबल्यास

क्रम कधींही बदलूं नये. प्रथम बटण बंद. नंतर भिंतीवरील मुख्य बटण बंद. नंतर चाक थांबेपर्यंत थांबणें. नंतर चाक हातानें मागें फिरविणें. एवढ्यानें बहुतेक वेळां वैरण बाहेर येते. न आल्यास पट्टा उतरवून, खीळ घालून, आंकड्यानें ती ओढून काढावी. आंकडा यंत्राशेजारींच खुंटीला टांगलेला असावा. तो शोधावा लागला तर माणूस हात घालतो.

९. अपघात झालाच तर

हात अडकला असतां तो ओढूं नये. वीज तोडावी, चाक हातानें सावकाश मागें फिरवावें, किंवा वरच्या रुळाची स्प्रिंग सैल करून रूळ उचलावा. जखमेवर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी व हात उंच ठेवावा. दाबूनही रक्त थांबत नसेल तरच वर रुंद पट्टी आवळून बांधावी व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. हळद, चुना, तंबाखू, रॉकेल असें कांहींही जखमेवर लावूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तुटलेला भाग शोधून तो सोबत नेणें फार महत्त्वाचें आहे. तो स्वच्छ पाण्यानें हलकेच धुवावा, ओल्या स्वच्छ कापडांत गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तोंड घट्ट बांधावें, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या भांड्यांत ठेवावी. बर्फ त्या भागास प्रत्यक्ष लागूं देऊं नये, व तो भाग पाण्यांत, दुधांत किंवा स्पिरिटांत बुडवूं नये. बोट असेल तर थंड ठेवल्यास कांहीं अधिक वेळ हातीं राहतो; मनगट किंवा पंजा असेल तर साधारण सहा तासांच्या आंत शस्त्रक्रिया व्हावी लागते. म्हणून तुटलेला अवयव जोडण्याची सोय कोणत्या रुग्णालयांत आहे हें फोनवर विचारून सरळ तेथें जावें. चेंगरलेला भाग दर वेळीं जोडला जातोच असें नाहीं, परंतु तो निर्णय डॉक्टरांनीं करावयाचा आहे. आपण तो भाग टाकून देऊं नये. धनुर्वाताची सुई घेण्यास विसरूं नये.

महाराष्ट्रांत शेतकऱ्यांच्या अपघातांकरितां गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची योजना आहे. २०२३ पासून ती विम्याऐवजीं सानुग्रह अनुदानाच्या रूपानें चालते. तींत खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति, वय १० ते ७५, यांचा समावेश होतो. मृत्यु झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, आणि एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. महसुली कामाच्या अनुभवावरून एक सूचना करावीशी वाटते : अपघात झाल्याबरोबर पंचनामा करून घ्यावा, रुग्णालयांतील प्रत्येक कागद जपावा, आणि ७/१२ च्या उताऱ्यावर व आधारपत्रावर नांव एकसारखें आहे कीं नाहीं तें आजच पाहून ठेवावें. नांवांतील एका अक्षराच्या फरकानें अर्ज महिनोनमहिने अडकून पडतो, आणि त्या काळांत घरचा नांगर व धार दोन्ही दुसऱ्याच्या हातानें चालवावे लागतात.

एका हाताचे १ लाख रुपये पुरतील कीं नाहीं याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. पन्हळीचा पत्रा, पट्ट्याची जाळी, खीळ, स्टार्टर व लाल बटण यांस लागणारा खर्च एखाद्या दुभत्या म्हशीच्या थोड्या दिवसांच्या दुधांतून निघतो. वाचकांनीं हा अंक वाचून झाल्यावर आपल्या यंत्राजवळ जावें, वीज बंद करून पन्हळ मोजावी, आणि रुळांपासून एक हात ती झांकलेली नसेल तर झांकण बसेपर्यंत कुट्टी हातयंत्रावर किंवा शेजाऱ्याच्या सुरक्षित यंत्रावर करून घ्यावी. आपल्या सभासदांपैकीं ज्यांनीं अशीं झांकणें बसविलीं असतील त्यांनीं तीं इतरांस दाखवावीं. गांवांत एक नमुना उभा राहिला म्हणजे वेल्डरास दुसरें झांकण करणें सोपें जातें.